देव पाण्यात होते तेव्हा

पिंपळगावात कुणाला चक्कर आली की अजून पहिली हाक मलाच येते. जणू मी हैदराबादेहून डॉक्टरकी शिकून आले! तिथं मी शिकले काहीच नाही, नुसती खाटेवर पडून होते. पण माझ्या काळजाची चाल कागदावर उमटलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तो कागद काय सांगत होता हेही मला समजावून दिलेलं आहे. येणाऱ्या प्रत्येकीला तेच ते सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहून काढते. मला अक्षरं गिरवायला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे माझे मालक, गावच्या शाळेत शिकवतात. अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. नाव घ्यायचा प्रश्न मिटतो.

सुरुवात साधी होती. पाऊसकाळ सरता सरता मला हिवताप आला. क्विनीनच्या पुड्यांनी ताप उतरला, पण अंगातलं बळही सोबत घेऊन गेला. मी भिंत धरून चालू लागले. ते बघून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देव पाण्यात घातले.

आमच्या घराची ही जुनी चाल आहे. घरावर संकट आलं की रेणुकेचा चांदीचा टाक, म्हणजे तिची मूर्ती उठवलेला पत्रा, तांब्याच्या गडूत पाण्यात ठेवायचा, आणि गाऱ्हाणं ऐकेपर्यंत बाहेर काढायचा नाही. आत्याबाई देवीला सरळ दमच द्यायच्या. "माझी पोर उठंस्तवर तू बी ऱ्हा बुडून. मला घाई न्हाई."

त्यांना लेक नव्हती. नवरा तरुणपणीच गेला, पदरात एकटे मास्तर. मी या घरात आले तेव्हा परकर नेसत होते आणि माझी वेणी त्याच घालायच्या. आमची भांडणं म्हणाल तर रोजची, कारण दोघींच्या जिभा तिखट. पण मी आजारी पडले की ही बाई जेवायची नाही.

रोज सकाळी त्या परसातली फुलं कोवळ्या डहाळीसकट तोडून आणायच्या आणि गडूत वाहायच्या. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी काढून मला वाटीभर तीर्थ. स्वतःला पळीभर. मास्तर शाळेच्या घाईत निसटायचे, त्यांना आत्याबाई अडवायच्याही नाहीत. म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे त्याला. सगळं सरूच्या पोटात जाऊ दे, गरज तिला हाय." सरू म्हणजे मी.

तीर्थ कडवट लागायचं. पण क्विनीननं माझ्या तोंडाची चवच गेली होती, मला गूळसुद्धा कडू लागत होता.

*

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. खाल्लेलं ठरेना. एक दिवस मास्तर शाळेला निघाले तर मी म्हणाले, "हे धोतर कधी पिवळं केलंत?" ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिले. धोतर पांढरंफटक होतं. मला मात्र भिंती, पीठ, दूध, सगळंच हळदीत बुडवल्यासारखं दिसत होतं. शेजारणी म्हणाल्या कावीळ झाली. कुणी उतारा सांगितला, कुणी मंतरलेला दोरा बांधला. आत्याबाईंनी फुलं वाढवली.

पहिल्यांदा पडले ती चुलीपुढं. भाकरी थापत होते, तव्यावर एक होती, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते आत्याबाईंचं ओरडणं. माझ्या मनगटावर पोळलं होतं, त्याचा डाग अजून आहे. मी मध्ये मेले होते असं त्या आजही शपथेवर सांगतात. "नाडी गेल्ती गं तुझी. मी मोजून राह्यले, मोजून राह्यले, अन् हाताला काहीच लागंना."

त्यानंतर पाणी भरताना पडले, देवळाच्या पायरीवर पडले. आधी कळायचंही नाही. उभी आहे, बोलते आहे, आणि एकदम दिवा मालवल्यासारखं. शुद्ध आली की छातीत एक मोठा ठोका बसायचा, कुणी आतून लाथ मारल्यासारखा. दुखण्यापेक्षा मला अंगाचा भरवसा गेला याचीच भीती जास्त वाटे. बसायचं तरी भिंतीला टेकून, आडाकडं जायचं नाही, चुलीशी जायचं नाही. घरातली धडधाकट बाई एका महिन्यात भांड्यासारखी कोपऱ्यात ठेवायची वस्तू झाली.

मास्तरांनी मला घेऊन बैलगाडीनं भोकरदन आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं जालना गाठलं. जालन्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, कावीळ बिलकूल नाही. मग मनगट धरलं. धरूनच बसले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि ते तोंड हळूहळू गंभीर होत होतं. शेवटी मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "ठोका फार सावकाश पडतोय, मधेच चुकतोय. हैदराबादला काळजाची चाल काढायचं यंत्र आहे. जल्दी न्या."

*

मोठी लढाई चालू होती ते दिवस. आगगाडीत खाकी कपड्यांची गर्दी, बसायला जागा नाही. मी आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात फडक्यानं तोंड बांधलेला गडू. देवी पाण्यातच आमच्याबरोबर निघाली होती. संकल्प सुटला नव्हता ना!

बायकांच्या वॉर्डात आल्याआल्या मला खाटेला बांधल्यासारखं केलं. उठायचं नाही, बसायचंही नाही. सोबत कुणी थांबायचं नाही, भेट फक्त दुपारी, तीही दारातून. आत्याबाई सरायीत उतरल्या आणि दारात उभ्या राहून रडल्या. मला पहिल्यांदाच परक्या माणसांत एकटं टाकलं होतं. पहिल्या दुपारी मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

मग यंत्राची खोली. डॉक्टरांचं बोलणं मला सांगायला म्हणून मास्तरांना तेवढ्यापुरतं आत येऊ देत. लाकडी कपाटाएवढं धूड, वर काचा आणि तारा. मला खुर्चीत बसवून दोन्ही हात मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवले, डावा पायही तसाच. तारा त्या भांड्यांत सोडल्या. मी मास्तरांना म्हणाले, "वीज सोडणारेत का माझ्यात? सांगा खरं." मास्तर म्हणाले, "न्हाई. वीज तुझ्यातच हाय म्हणतात, ती हे यंत्र बघतंय." मला ते पटलं नाही, पण हसू आलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी बोट उचलून हलू नको म्हटलं. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

ती चाल काळोख्या खोलीत धुवून काढावी लागे, फोटोसारखी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब लांबट पट्टी घेऊन खाटेशी आले. तरुण होते, दाढी बारीक कातरलेली, आवाज मऊ. ते उर्दूत बोलत आणि मास्तर मला शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगत. आमच्या राज्यात तेवढं उर्दू मलाही कळायचं, पण मास्तरांचा उत्साह कशाला मोडा.

पट्टीवर एक रेघ धावत होती. डॉक्टरसाहेबांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. "हे बारकं टेकाड दिसतं? ही वरच्या कप्प्याची हाक. मग थोडी सपाट वाट. मग हा उंच सुळका, म्हणजे खालच्या कप्प्यानं दिलेली ओ. चांगल्या काळजात प्रत्येक टेकाडामागं एक सुळका, आणि मधली वाट दर वेळी तेवढीच."

"अन् हिच्यात?" मास्तरांनी विचारलं.

"हिची टेकाडं आपल्या चालीनं चाललीत, सुळके आपल्या चालीनं. हाक जाते, ओ येत नाही. खालचा कप्पा कंटाळून अधूनमधून आपणच उठतो. त्यानं उठायला उशीर केला की ही पडते."

मी मनात म्हटलं, एका घरात राहून दोघींची बोलचाल बंद. हे मला लगेच कळलं.

मग त्यांनी पेन्सील सुळक्याच्या पुढं नेली. तिथं रेघ सरळ असायला हवी होती म्हणे, ती खाली वाकली होती, पोराच्या झोळीसारखी. तिथं ते थांबले. विचारलं, "काळजाचं काही औषध घेत होती का? पाल्याचं, मुळीचं?" मास्तरांनी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. तीर्थाला औषध कोण म्हणतं?

"औषध आहे का याच्यावर?" मी आपली मराठीत विचारून मोकळी झाले.

डॉक्टरसाहेबांनी पट्टी गुंडाळली. मग सांगितलं की हाक खाली नेणारी वाट काहींची काही दिवसांनी उघडते, काहींची कायमची बंद राहते. कायमची बंद राहिली तर एखाद्या दिवशी खालचा कप्पा उठणारच नाही. मास्तरांनी हे शेवटचं वाक्य मला सांगितलं नाही. पण मी सांगितलं ना, उर्दू मला कळत होतं.

*

पुढच्या काही दिवसांत नवल घडलं. ओकाऱ्या थांबल्या. वॉर्डातल्या चादरी पुन्हा पांढऱ्या दिसू लागल्या. मला रडूच आलं, एवढ्या पांढऱ्या! पुन्हा मिठाच्या पाण्यात हात बुडवले, पट्टी निघाली. आता टेकाडामागं सुळका येत होता. वाट मात्र लांबत जायची, आणखी लांबायची, मग एक सुळका गळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पण ओ येत होती. डॉक्टरसाहेब खूश झाले. मला मोठ्या व्हरांड्यातल्या खाटेवर हलवलं आणि घरच्या एका बाईला दिवसभर बसायची परवानगी दिली.

आत्याबाई आल्या त्या हसतच. त्यांनी माझ्या केसांत बोटं फिरवली, अंगठ्यानं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "इथल्या बागेत बी आपल्यासारखी कण्हेर हाय बघ. देवी इतके दिस उपाशी होती माझी."

पदराखालून गडू निघाला. मी वाटीभर प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले. परक्या मुलखात आपल्या घरचं तीर्थ मिळालं, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

आणि चादरी पुन्हा पिवळ्या झाल्या.

जेवणाचं ताट समोर असताना मी खाटेवरच गेले. शुद्ध आली तेव्हा डॉक्टरसाहेब माझ्या छातीवर वाकले होते, दंडात सुई टोचलेली होती, आणि आत्याबाई खाटेचा पाय धरून खाली बसल्या होत्या. लगेच पट्टी काढली. टेकाडं वेगळी, सुळके वेगळे, झोळी पहिल्यापेक्षा खोल.

त्या दुपारी डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. मास्तरांनाही. स्टूल ओढून माझ्याजवळ बसले.

"एकटी होतीस तेव्हा सुधारलीस. घरचे आले आणि बिघडलीस. ही झोळी मी पाहिलेली आहे. काळजाच्या एका औषधानं येते, पाल्यापासून करतात, ते जास्त झालं की असंच होतं. तसंच काहीतरी तुझ्या पोटात जातंय." मग अगदी हळू विचारलं, "सास कैसी है तुम्हारी?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "माझ्या सासूचं नाव घेऊ नका. मी खात नाही तर ती खात नाही." बोलताना दम लागला.

ते रागावले नाहीत. "तरी मला कोतवालीत खबर द्यावी लागेल. उद्या सकाळी. तू आठवून बघ. कुठला पाला, कुठली मुळी. धोतरा, कनेर, काही पण."

ते गेले. व्हरांड्याच्या कठड्यापलीकडं बाग होती, आणि बागेत लालभडक फुलांनी ओथंबलेली कण्हेर.

कण्हेरीची मुळी आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असते. जिला जगायचं नाही ती मुळी उगाळते. शेळीसुद्धा त्या झाडाला तोंड लावत नाही. पण ती मुळी. फूल देवाचं! देवाच्या अंगावर वाहिलेल्या फुलात वाईट काही असेल, हे आमच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्या डॉक्टरला विष शोधायला पट्टी लागली, मला ते समोर दिसत होतं आणि तरी माझं मन नाही नाही म्हणत होतं.

ऊन उतरताना नर्सची नजर चुकवून आत्याबाई आल्या. चेहरा सुकलेला, पण हातात गडू. "आज ओंजळभर वाहिली. आता बघ कशी उठतीस."

वाटी माझ्या हातात आली. पाण्याला किंचित रंग होता, एक पाकळी तरंगत होती. मला वाटलं, हळूच खाटेखाली ओतावं. बोलूच नये. जीव वाचेल, आणि यांना कधी कळणारही नाही. पण सकाळी कोतवालीचा माणूस येणार होता, आणि कण्हेरीचा गडू सापडणार होता तो यांच्याच पदराखाली. सासूनं सुनेला कण्हेर पाजली, एवढं एक वाक्य पुरे. मग कोण ऐकतं देव आणि संकल्प! तेव्हा बोलायला हवं होतं, आणि ते मीच बोलायला हवं होतं.

"आत्याबाई, यात कण्हेर आहे."

"मंग? कण्हेरच की. देवीला आवडती."

"आत्याबाई, कण्हेर आहे. माझ्या पोटात रोज कण्हेर जाते आहे."

त्या बघत राहिल्या. समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांचं तोंड बघवेना. "फुलं वाह्यली गं म्या. मुळी न्हाई. नुसती फुलं, पानं... मुळी न्हाई वाह्यली." मग एकदम गडू दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला.

मला उठायची मनाई होती. मी उठले. जोरानं हात मारला. गडू फरशीवर आदळला, पाणी सांडलं, आणि रेणुकेचा टाक गडगडत शेजारच्या खाटेखाली गेला. संकल्प पुरा व्हायच्या आत, तोही माझ्या हातानं, देवी पाण्याबाहेर आली. आत्याबाईंनी गुडघ्यांवर बसून टाक काढला, पदरानं पुसला, कपाळाला लावला. मग कुणाशी न बोलता डॉक्टरसाहेबांच्या खोलीकडं चालायला लागल्या.

*

तिथलं मास्तरांनी सांगितलं. आत्याबाई सरळ म्हणाल्या, "म्याच पाजलं. पोरीला काही इचारू नका. मला कोतवालीत न्या." मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, देव पाण्यात का घालतात हेही विचारलं. शेवटी एकच प्रश्न केला. "तुम खुद पीते थे क्या, अम्मा?"

"पळीभर. जास्ती न्हाई. म्हातारीला काय गरज?"

त्यांनी आत्याबाईंना उठवलं आणि यंत्राच्या खुर्चीत बसवलं. माझ्या आत्याबाई, ज्यांनी कधी मोटारीच्या काचेला बोट लावलं नव्हतं, त्यांनी दोन्ही हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवले. त्यांना वाटलं ही कोतवालीचीच शिक्षा आहे.

पट्टी निघेपर्यंत थांबणं भाग होतं. सकाळ झाली. कोतवालीचा माणूस आला नव्हता. मास्तर खाटेशी बसले होते, आत्याबाई दाराशी. माझ्या छातीत केव्हाही ठोका चुकेल अशी भीती होतीच, पण त्या सकाळी मी स्वतःला विसरून डॉक्टरसाहेबांच्या पावलांकडं कान लावून होते.

ते दोन पट्ट्या घेऊन आले. एक माझी, एक आत्याबाईंची. माझ्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या. आत्याबाईंची टेकाडं आणि सुळके कसे जोडीनं चालले होते, वाट सगळीकडं सारखी! मग त्यांनी पेन्सील सुळक्याच्या पुढं ठेवली. तिथं रेघ वाकली होती. हलकीशी, पण तीच. झोळी.

मास्तरांकडं बघून ते म्हणाले, "विष घालणारा माणूस ते स्वतः पीत नाही. या बाईनं खरंच प्यालंय. कागद खोटं बोलत नाही." कोतवालीचा विषय त्यांनी तिथंच संपवला.

आत्याबाईंना यातलं फार काही कळलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "माझी पोर जगंल का?"

"पाणी थांबलं ना? मग जगेल."

पुढं वाट आखूड होत गेली. गळणारे सुळके भरले, आणि सगळ्यांत शेवटी झोळी सरळ झाली. घरी जाताना डॉक्टरसाहेबांनी शेवटच्या पट्टीचा तुकडा मला दिला. तो मी रेणुकेच्या टाकाशेजारी ठेवला आहे.

*

आता ज्यांच्यासाठी हे लिहिते त्यांना सांगते. चक्कर म्हणजे दर वेळी अशक्तपणा नसतो, आणि पिवळं दिसणं म्हणजे दर वेळी कावीळ नसते. नाडी सावकाश लागली तर जल्दी दवाखाना गाठा. आणि डॉक्टर विचारतो, काय घेतेस, तेव्हा देवाचं म्हणून लपवू नका. सगळं सांगा, तीर्थसुद्धा.

पण यातून आम्ही सावरलो कसे, ते पट्टीत नाही.

गावी आल्यावर मास्तर आईशी बोलेनात. आत्याबाईंनी परसातली कण्हेर स्वतः कुदळीनं खणून काढली, हाताला फोड येईपर्यंत. देवपूजा करायच्या, पण तीर्थ कुणाला देईनात. पूजेचं पाणी तुळशीला ओतून मोकळ्या व्हायच्या. कुणी मागितलं तर म्हणायच्या, "माझ्या हातचं नगं, बाबा."

एका सकाळी मी देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. मास्तर शाळेला निघाले होते, पायात जोडा घालत होते. मी उजवा तळहात पुढं केला.

"द्या, आत्याबाई."

"नगं, सरू."

"द्या. मी मागते आहे."

मास्तर दारात थांबले. आत्याबाईंनी पळीत पाणी घेतलं. नुसतं विहिरीचं पाणी आणि तुळशीचं एक पान. त्यांनी ते मला दिलं नाही. आधी आपल्या तोंडात घातलं, गिळलं, आणि डोळे मिटून बसून राहिल्या, आत काय होतंय त्याकडं कान लावल्यासारख्या. मग दुसरी पळी भरली आणि माझ्या हातावर सोडली. मी प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला. मास्तरांनी जोडा काढला, आत आले आणि माझ्याशेजारी हात पुढं करून बसले.

आजही आमच्या घरी तीर्थ तसंच वाटतात. आत्याबाई आता थकल्या आहेत, पळी सांडते, तरी दुसऱ्या कुणाला देऊ देत नाहीत. आधी स्वतः पितात, थोडा वेळ थांबतात, माझ्या तोंडाकडं बघतात, आणि मगच मला देतात.